दहा मोजा, मग कॅमेरा बंद करा

आज मी तुमच्याशी कॅमेरा आणि व्हिडिओ एडिटिंग याबद्दल बोलणार आहे. रेडिओवरून कॅमेरा शिकवणं म्हणजे फोनवरून मेंदी काढायला शिकवण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. पण या विद्येचा निम्मा भाग कानाचा आहे. मला तो सगळ्यात उशिरा समजला, म्हणून आज त्याच्याबद्दल जास्त बोलेन.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी इथे, बॉस्टनच्या पश्चिमेला, आमच्या जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. आठवड्यातून एक दिवस, तीन तास. दिवसभर आयटीचं काम आणि संध्याकाळी फिल्मचा विद्यार्थी. वर्गात बाकीची मुलं एकोणीस-वीस वर्षांची. पहिल्या दिवशी एका मुलाने मलाच विचारलं, "प्रोफेसर, आज हजेरी आहे का?"

तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल की आता या वयात काय शिकायचं, तर आपले दादासाहेब फाळके आठवा. १९१२ च्या फेब्रुवारीत ते चित्रपटाचं तंत्र शिकायला लंडनला गेले तेव्हा ४१ वर्षांचे होते. विल्यमसन कॅमेरा, फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र, छपाईचं यंत्र, असं सगळं सामान त्यांनी तिथूनच घेतलं. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्याच्या आधी त्यांनी काय चित्रित केलं? कुंडीतलं वाटाण्याचं रोप. कॅमेरा एका जागी ठेवून, थोडं थोडं चित्रण करत, बीजाला अंकुर फुटून वेल कसा वाढतो ते त्यांनी टिपलं आणि भांडवल घालू शकणाऱ्यांना दाखवलं. राजा नाही, राणी नाही, एक वाटाणा. कॅमेरा हलवायचा नाही आणि वाट बघायची. हाच आमच्या वर्गाचा पहिला धडा होता. मला मात्र तो पहिल्या फटक्यात जमला नाही.

आम्हाला पहिलं काम मिळालं ते असं: तीन मिनिटांची फिल्म, एक माणूस, त्याचं एक काम. पार्श्वसंगीत नाही आणि निवेदनही नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तेव्हा कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. कऱ्हाडला त्यांचं चाळीस वर्षं सायकलचं दुकान होतं. इथे लोक जुन्या सायकली घरासमोर ठेवून 'फ्री' अशी पाटी लावतात. अण्णांना ते बघवायचं नाही. सप्टेंबरपर्यंत आमच्या गॅरेजमध्ये तीन सायकली जमा झाल्या होत्या. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही.

एका शनिवारी मी कॉलेजचा कॅमेरा घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि ४७ मिनिटं चित्रण केलं. अण्णा एका चाकाचा आऊट काढत होते. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. चाक फिरताना डावी-उजवीकडे झुकत असेल तर त्याच्या तारा कमी-जास्त ताणून ते सरळ करायचं, याला आऊट काढणं म्हणतात. मी झूम केलं, कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवला, परत झूम केलं. मला वाटलं, वा, काय काम झालं!

वर्गात पडद्यावर ते लागलं आणि दोन मिनिटांत मलाच गरगरायला लागलं. आमच्या शिक्षिकेने बरीच वर्षं टीव्हीच्या बातम्यांसाठी कॅमेरा चालवला होता. तिने एवढंच विचारलं, "यातला कुठला शॉट तू पाच सेकंद शांतपणे बघू शकतोस?" एकही नव्हता.

तिने त्या दिवशी जे सांगितलं ते तुम्ही कागदावर लिहून घ्या. फोनने चित्रण करणाऱ्यालाही ते तेवढंच लागू आहे.

पहिलं. बटण दाबा, कॅमेरा स्थिर धरा आणि मनात दहा आकडे मोजा. मगच बंद करा. तिकाटणं नसेल तर दोन्ही कोपरं अंगाला टेकवा किंवा भिंतीला पाठ लावा. काही हलायचं असेल तर ते चौकटीच्या आत हलू दे.

दुसरं. एका कामाचे पाच शॉट घ्या. हातांचा जवळून. चेहऱ्याचा जवळून. माणूस आणि त्याची जागा असा लांबून. त्याच्या खांद्यामागून, म्हणजे त्याला जे दिसतं ते. आणि पाचवा, तुम्हाला सुचेल तिथून. हे पाच असतील तर एडिटिंगला बसल्यावर जोडायला काहीतरी हाताशी असतं.

तिसरं. माणूस आणि तो जे बघतोय ती वस्तू यांच्यामध्ये एक रेघ ओढली आहे असं समजा आणि तिच्या एकाच बाजूला राहा. रेघ ओलांडलीत तर आधीच्या शॉटमध्ये उजवीकडे बघणारा माणूस पुढच्या शॉटमध्ये डावीकडे बघायला लागतो आणि बघणाऱ्याचा गोंधळ उडतो.

चौथं, उजेड. मी अण्णांना गॅरेजच्या उघड्या दाराकडे पाठ करून बसवलं होतं, म्हणून त्यांचा चेहरा काळा आला. दाराकडे तोंड करून बसवल्यावर तोच उजेड फुकटात चांगला झाला. वरचा पिवळा बल्बही बंद केला. दिवसाचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो.

उजेडावरून आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी मी कऱ्हाडला अण्णांच्या दुकानात फोनवर चित्रण केलं होतं. त्यात ट्यूबलाइटखाली काळे पट्टे सरकताना दिसतात. मला वाटायचं फोन बिघडलाय. कारण वेगळंच निघालं. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, भारतात ५० ची. त्यामुळे दिवे इथे सेकंदाला १२० वेळा आणि तिकडे १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. म्हणून इथे शटर एकसाठांश सेकंद ठेवायचं आणि भारतात गेल्यावर एकपन्नासांश किंवा एकशतांश. फोनमध्ये शटर हाताने बदलता येईल असं ॲप घ्या. दुकान आता दुसऱ्याला दिलंय. माझ्याकडे राहिलेत ते पट्ट्यांचेच व्हिडिओ.

आता आवाजाकडे येतो.

पहिलं चित्रण फुकट गेलं तरी त्यातून काही वापरता येईल का, हे बघायला मी रात्री एडिटिंगला बसलो. एडिटिंगची सुरुवात कापण्याने करायची नसते. आधी सगळं चित्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं आणि कुठल्या मिनिटाला काय आहे याची वही करायची. मी हेडफोन लावले, वही उघडली आणि अण्णा काय काय बोलले ते लिहायला लागलो.

पहिला अडथळा घरघरीचा होता. गॅरेजमधला फ्रीज. चित्रण करताना मला तो ऐकूच आला नव्हता. आपला कान नको ते गाळतो, माइक काही गाळत नाही.

दुसरा अडथळा मीच होतो. अण्णा तारेवर बोटाने टिचकी मारतात आणि म्हणतात, "हे बघ, ही तार ना..." आणि माझा आवाज येतो, "हो हो, ढिली आहे, कळलं." पुढे अण्णा म्हणतात, "आमचे मालक होते ना, ते..." आणि मी म्हणतो, "अण्णा, जरा चाक इकडे करा." मी वहीत खुणा करत गेलो. ४७ मिनिटांत अकरा वेळा अण्णांनी काही सांगायला सुरुवात केली होती आणि अकराही वेळा मी ते तोडलं होतं. एकही वाक्य पुरं नव्हतं.

मी सल्लागाराचं काम करतो. मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकलं की माणूस हुशार दिसतो, असा माझा वीस वर्षांचा समज. त्याचं रेकॉर्डिंग मी कधी ऐकलं नव्हतं. मग मनात आलं की अण्णा दर रविवारी फोनवर पाच मिनिटांत "बरं, ठेवतो" का म्हणतात, याचं कारण कदाचित अमेरिकेतली वेळ हे नसेल.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "अण्णा, ते तारेचं आणि मालकांचं परत सांगा ना."

ते म्हणाले, "तू कळलं म्हणालास की. आता परत काय सांगायचं?"

रागाने नाही, अगदी सहज म्हणाले. म्हणून ते जास्त लागलं. त्यांचं परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं होतं.

मी परत विचारलं नाही. तीन आठवडे शनिवारी गॅरेजमध्ये नुसता कॅमेरा लावून बसलो. फ्रीज बंद करायचो. आमच्या शिक्षिकेची एक युक्ती तुम्हालाही सांगतो. फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे तो परत सुरू केल्याशिवाय आपण घराबाहेर पडू शकत नाही. अण्णांच्या शर्टाला कॉलर माइक लावायचो. जागेचा नुसता शांत आवाज अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड करायचो. दोन तुकडे जोडताना मध्ये आवाजाचा खड्डा पडतो, तो बुजवायला हा लागतो. मग बटण दाबायचं आणि दहा मोजायचे. दहा झाले की परत दहा.

तिसऱ्या शनिवारी, काही न विचारता, चाक फिरवता फिरवता अण्णा बोलायला लागले.

"आमचे मालक आऊट काढताना पाठ करून बसायचे. पोरगं शिकलं तर समोर दुकान टाकेल म्हणून बघू द्यायचे नाहीत. मी चौदा वर्षांचा. मी आपला पंक्चर काढत बसायचो आणि ऐकायचो. ढिली तार भद्द वाजते, ताणलेली टणकन वाजते. चावी किती वेळा फिरली तेही ऐकू यायचं. एक दिवस ते जेवायला गेले आणि मी चाक सरळ करून ठेवलं. आल्यावर चाक फिरवून बघितलं. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशीपासून तोंड माझ्याकडे करून बसायला लागले."

एवढं बोलून ते थांबले. मला विचारायचं होतं, मालक मग काय म्हणाले? मी ओठ दाबून धरले आणि मोजत राहिलो. आठ, नऊ... आणि अण्णा तारेवर टिचकी मारून म्हणाले, "म्हणून मी दुकानात कधी रेडिओ लावला नाही."

चाळीस वर्षं त्या दुकानात रेडिओ का नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटायचा.

मग एडिटिंग सोपं गेलं. जोडणीतली एकच क्लृप्ती सांगतो. पुढच्या शॉटचा आवाज आधी सुरू करायचा आणि चित्र नंतर आणायचं. माझी फिल्म काळ्या पडद्यावर टणटण आवाजाने सुरू होते, मग हात दिसतात. अण्णा मालकांबद्दल बोलतात तेव्हा पडद्यावर त्यांचा चेहरा नाही, फिरणारं चाक आहे. चेहरा शेवटच्या वाक्याला येतो.

आणि एक सावधगिरी. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा तोच चेहरा सूपच्या वाटीशेजारी जोडला की भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी जोडला की दुःखी. मी करून बघितलं. अण्णांचा तोच चेहरा चाकापुढे ठेवला की एकाग्र दिसतो, गॅरेजच्या घड्याळापुढे ठेवला की कंटाळलेला. एवढी सत्ता हातात येते. आपल्याच माणसावर ती जपून वापरा.

अण्णांनी जाण्याआधी फिल्म बघितली. म्हणाले, "बरी झालीय. पण तिसरी तार अजून ढिली ऐकू येते." आणि उठून गॅरेजमध्ये गेले.

श्रोतेहो, यासाठी कॉलेजलाच जायला हवं असं नाही. इथे बऱ्याच गावांत केबल कंपनीकडून मिळणाऱ्या पैशांवर चालणारं सार्वजनिक टीव्ही केंद्र असतं. १९८४ च्या केबल कायद्याने गावांना अशा वाहिन्या मागायची मुभा दिली आहे. तिथे गावच्या रहिवाशांना कॅमेरा आणि एडिटिंग नाममात्र फीमध्ये शिकवतात, सामानही वापरायला देतात. तुमच्या टाउन हॉलमध्ये चौकशी करा. एडिटिंगसाठी दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेशी आहे, मॅक असेल तर आयमूव्ही. आणि आयटीवाला म्हणून एक: चित्रणाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

या उन्हाळ्यात तुमच्याकडे कुणाचे आईवडील, सासूसासरे येणार असतील. त्यांचं एखादं काम निवडा. वाती वळणं असेल, हिशोबाची वही असेल, पुरण वाटणं असेल. फोन कशाला तरी टेकवून ठेवा, फ्रीज बंद करा, किल्ली आत ठेवा. त्यांचं बोलणं संपलं असं वाटलं की दहा मोजा.