घरातील रेडॉन : मोजणी वर्षभराची हवी



डिसेंबर १९८४ मधील ही घटना. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथे उभारल्या जात असलेल्या अणुवीज केंद्रातील एका अभियंत्यामुळे किरणोत्सर्गाची सूचना देणारी घंटा वाजू लागली. केंद्रात वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती. शोधाअंती आढळले, की हा किरणोत्सर्ग तो आपल्या राहत्या घरातूनच आणीत होता! त्या घराच्या हवेत दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल इतका रेडॉन वायू होता. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी सुचविलेली पातळी अवघी १०० बेकरेल आहे.

रेडॉनला रंग नाही, वास नाही. खडकांतील व मातीतील युरेनियमपासून क्रमाक्रमाने तो निर्माण होतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो. मात्र जमिनीच्या भेगांतून घरात शिरल्यास कोंडून राहतो. त्याच्या विघटनातून होणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात जातात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल रेडॉनची गणना होते. धूम्रपान करणाऱ्यांना तर हा धोका अधिकच.

एकाच घरातील रेडॉन ऋतुमानाप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात. घरातील उबदार हवा वर जाऊन छपरातून निसटते आणि तिची जागा घेण्यासाठी जमिनीखालील हवा आत ओढली जाते. म्हणून थंडीत प्रमाण वाढते. उन्हाळ्यात खिडक्या उघडताच ते उतरते. गढवाल व हिमाचल प्रदेशातील घरांच्या मोजणीतही हेच दिसून आले आहे. केवळ उन्हाळ्यातील मोजणीवर विसंबल्यास खोटा दिलासा मिळेल. केवळ हिवाळ्यातील मोजणीने अकारण घबराट पसरेल.

यास्तव भारतीय शास्त्रज्ञ मोजणीसाठी एका लहानशा डबीत विशिष्ट प्रकारची फिल्म बसवून ती घरात तीन महिने टांगतात आणि वर्षातून चार वेळा बदलतात. फिल्मवर उमटलेल्या कणांच्या खुणा रासायनिक प्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या जातात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा डब्या विकसित केल्या आहेत. महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणाऱ्या काळ्या बेसाल्ट खडकात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम कमी असते. तथापि, खडकावरून अंदाज बांधता येतो. एखाद्या घराचा निर्णय मोजणीनेच होतो.

उपाय अवघड नाहीत. जमिनीच्या भेगा बुजविणे, समोरासमोर खिडक्या ठेवणे आणि थंडीतही काही वेळ त्या उघडणे, एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो. प्रमाण फारच जास्त असेल, तर फरशीखालील हवा नळाद्वारे छपराबाहेर सोडावी लागते. पेनसिल्व्हेनियातील ते घर अशाच उपायांनी राहण्यायोग्य झाले आणि १९८५ मध्ये ते कुटुंब तेथे परतले. घरबांधणीच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी जोते आणि खिडकी यांकडे या दृष्टीनेही पाहावे, हेच या उदाहरणाचे सार होय.