दोन मतांचा हिशेब



जर्मनीत सोळा राज्यं. त्यातलं एक लोअर सॅक्सनी. त्याची विधानसभा हॅनोव्हरला भरते, मुदत पाच वर्षं. तिथं मतदाराच्या हाती दोन मतं. पहिलं मतदारसंघातल्या उमेदवाराला; असे मतदारसंघ 87. दुसरं पक्षाला, आणि खरा हिशेब या दुसऱ्या मताचा. पक्षाला जितके टक्के मतं, साधारण तितका जागांचा वाटा. एका पक्षानं वाट्यापेक्षा जास्त मतदारसंघ मारले, तर बाकीच्यांना भरपाईच्या जागा मिळतात. म्हणून किमान 135 जागांची सभा 2022 साली 146 वर गेली. शेतकऱ्याला भरपाई इतकी चोख कुठं मिळते?

आता गोम ऐका. पाच टक्क्यांच्या आत राहिलेल्या पक्षाला या वाटणीत जागा नाही. 2022 ला एफडीपी 4.7 टक्क्यांवर अडकला. आधीचे 11 आमदार घरी, दिलेली मतं वाया.