व्हिसाची तारीख आणि घरातली सून



कराची 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होती. कोकणातली माणसं पोटासाठी मुंबईला आली, तशी कराचीलाही गेली. फाळणीने एकाच खानदानाची घरं दोन देशांत वाटली गेली, तरी सोयरीक तुटली नाही. म्हणून आपल्या काही घरांत आजही कराचीहून आलेली सून असते. आज तिच्या कागदांविषयी बोलू.

निकाह झाला म्हणून नागरिकत्व आपोआप मिळत नाही. आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो, मग नागरिकत्वाचा अर्ज. 1955च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 5 सांगतं की भारतीयाच्या जोडीदाराला 7 वर्षं इथे राहिल्यावर अर्ज करता येतो. म्हणजे अर्जाआधीचे 12 महिने सलग, आणि त्याआधीच्या 8 वर्षांत मिळून किमान 6 वर्षं. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या लोकांसाठी जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे.

2019च्या दुरुस्तीनंतर आपल्याला दार बंद झालं, असं पुष्कळ जण समजतात. ती दुरुस्ती मुस्लिमांना वगळते, आणि म्हणून आपला तिला विरोध आहे. पण लग्नाच्या नात्यावरचं हे कलम धर्म विचारत नाही. तो हक्क भीतीपोटी सोडू नका.

खरा धोका तारखेचा आहे. मुदत संपूनही व्हिसा वाढवला नाही, तर कायदा तिला ‘अवैध स्थलांतरित’ म्हणतो, आणि मग हा अर्जच करता येत नाही. 3 डिसेंबर 2004पासून पुढे बाळाच्या जन्मावेळी आई अवैध ठरत असेल, तर वडील भारतीय असूनही बाळाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना वगळलं होतं. एका कागदाने केवढा फरक पडला, ते आपण पाहिलं.

आणि हे कागद असतात कुणाकडे? पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या कपाटात. उद्या तलाक झाला, नवरा वारला, तर तिने काय दाखवायचं?

तेव्हा मुलांनो, मुलींनो, आपल्या मामीला, भाभीला आजच विचारा: व्हिसा कधी संपतो? 7 वर्षं झाली का? पासपोर्ट आणि निकाहनामा तिच्या हाती द्या, प्रती काढा, आणि अर्ज भरायला तिच्यासोबत जा.