कच्ची वही आणि नियुक्तिपत्र



आपल्या पांढुर्णा-सौसर भागात सालदार ठेवायचा तर पाडव्याला बोलणी होतात. साल किती, धान्य किती, उचल किती, सारं तोंडी. हाच रिवाज पुढे जिनिंगमध्ये, विटाभट्टीवर, संत्र्याच्या पॅकिंगवर आला. दिवाणजीच्या कच्च्या वहीत माणसाचं नाव आणि उचलीचा आकडा, संपला करार.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. मालक मंडळींत चर्चा मात्र दोनच गोष्टींची. एक, कारखाना बंद करायला किंवा कामगार कपातीला सरकारची परवानगी आता शंभरऐवजी तीनशे कामगारांपासून लागते. ज्यांच्याकडे तीनशे आहेत त्यांनी ते पाहावं. दुसरी, पगारात भत्ते निम्म्यापेक्षा जास्त असले तर वरचा भाग मूळ वेतनात धरायचा. सुपरवायझरला ४०,००० देताना मूळ १६,००० आणि भत्ते २४,००० दाखवले, तर आता ग्रॅच्युइटीचा हिशेब २०,००० वर होईल. एवढंच ते गणित.

मला बोलायचंय ते दहा-वीस माणसं लावणाऱ्यांशी. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यावं लागतं; जुन्यांना ते संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं होतं. किमान वेतन तर दहाच्या आतल्यांनाही चुकत नाही, एक नोकर असलेल्या दुकानालाही नाही. महिन्याचा चुकारा पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. माणूस काम सोडून गेला की दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब मोकळा. "पोळ्यानंतर ये" हे उत्तर आता चालायचं नाही. उचल कापता येते, पण सगळी कपात मिळून वेतनाच्या निम्म्यापुढे जाता कामा नये.

आणखी एक युक्ती आपल्याकडे फार जुनी. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरू नयेत म्हणून माणसाला मधेच महिनाभर घरी बसवायचं. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या कामगाराला आता एका वर्षावरही ग्रॅच्युइटी मिळते, तेव्हा त्या युक्तीत फारसं काही उरलं नाही.

पण मालकांच्या नजरेतून सुटलेलं कलम वेगळंच आहे. मजुरी बुडाल्याचा दावा कामगार तीन वर्षांपर्यंत करू शकतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तुम्ही खरोखर दिले असतील, तरीही. कमी दिल्याचं ठरलं तर पहिल्याच वेळी दंड ५०,००० रुपयांपर्यंत. अशा वेळी कच्ची वही काय साक्ष देणार?

मध्य प्रदेशातलाच अनुभव घ्या. १ एप्रिल २०२४ पासून किमान वेतनाचे नवे दर आले, मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्यांना स्थगिती दिली, डिसेंबरमध्ये ती उठली. मधल्या महिन्यांत कुणाला कोणत्या दराने किती दिले, हे ज्याच्याकडे सहीनिशी लिहिलेलं होतं त्याला फरक काढणं सोपं गेलं असणार. बाकीच्यांनी आठवणीवर भागवलं.

१९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. आज सीमेपलीकडे सावनेर-काटोलला बोली तीच आहे, पण आपल्या मजुरीचे दर भोपाळहून ठरतात आणि छापील नमुने हिंदीत येतात. कामावरचा माणूस मराठीत भांडतो, मराठीतच मोजतो. म्हणून मालकांना एक विनंती. नियुक्तिपत्र हिंदीत कराल ते करा. त्याच कागदाच्या मागे काम, दर, उचल आणि कपात मराठीत लिहा, त्याला वाचून दाखवा, मग सही घ्या. आणि एक प्रत त्याच्या हातात द्या.