डोळ्याच्या पडद्याची तपासणी कशासाठी?

(पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



नारायणगडाच्या या परिसरात मोतीबिंदू ठाऊक नाही असे घर नसेल. ऑपरेशन झाले की गेलेली नजर परत येते, हे आपण पाहिले आहे. त्यामुळे डोळ्याचे कोणतेही दुखणे शेवटी ऑपरेशनने बरे होते, असा समज रूढ झाला आहे. पडद्याच्या बाबतीत हा समज घातक आहे.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीवरील नाजूक अस्तर. अरबी हकीम त्याला ‘शबकिया’, म्हणजे जाळीसारखा, म्हणत. बाहेरचे चित्र त्यावर उमटते व नसेवाटे मेंदूकडे जाते. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी आपले नेत्रदर्शक यंत्र जगापुढे मांडले, तेव्हापासून जिवंत माणसाचा पडदा व त्यातील बारीक रक्तवाहिन्या डॉक्टरांना पाहता येऊ लागल्या.

मग तपासणीची चिठ्ठी कोणाला मिळते?

पहिला मान मधुमेहाचा. साखरेने या रक्तवाहिन्या कमकुवत होऊन झिरपू लागतात. मोठेपणी जडलेल्या मधुमेहात निदान होताच पडदा तपासावा व पुढे डॉक्टर सांगतील तसा, साधारणतः दरवर्षी. लहानपणी जडलेल्या मधुमेहात पाच वर्षांच्या आत ही तपासणी सुरू व्हावी. मधुमेही भगिनीस दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच. “मला तर स्वच्छ दिसते, मग कशाला जाऊ?” असे पुष्कळजण विचारतात. स्वच्छ दिसते तेव्हाच जायचे असते! लेसर वा इंजेक्शनने उरलेली नजर राखता येते; गेलेली बहुधा परत येत नाही.

दुसरे कारण वाढलेला रक्तदाब. तिसरे, चष्म्याचा मोठा उणे नंबर किंवा डोळ्याला लागलेला मार. डोळ्यापुढे अचानक विजेसारखे चमकले, काळे ठिपके तरंगू लागले, एका बाजूने सावली सरकली, तर पडदा सुटत असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

चौथे कारण तान्ह्या बाळांचे. ३४ आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोहून कमी वजनाचे जन्मलेले बाळ ३० दिवसांच्या आत दाखवावे. फारच लहान असेल तर त्याहूनही लवकर. बाळाची बाहुली पांढरी चमकत असेल तर एक दिवसही दवडू नये. तो कर्करोगही असू शकतो. मुलाला रात्री दिसत नसेल आणि आई-वडील नात्यातले असतील, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगावे. आनुवंशिक रोगाचा तपास त्यामुळे सोपा होतो.

तपासणीत दुखत नाही. थेंब घालून बाहुली मोठी करतात. काही तास अंधूक दिसते. म्हणून सोबत माणूस न्यावा, मोटारसायकल चालवू नये. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे.

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि चिठ्ठी ट्रंकेत राहते. कोयता उचलण्याआधी तपासणी उरकून घ्या. विद्यार्थी मित्रांनो, घरातील ती चिठ्ठी तुम्ही वाचा, तारीख वहीत लिहा आणि वडिलांचा हात धरून त्यांना दवाखान्यात घेऊन जा. तुमच्या शिक्षणाचा घराला होणारा हा पहिला उपयोग ठरो.