घाटांतला जुना सिग्नल

पुण्याहून मुंबईस जातांना, लोणावळें सुटल्यावर गाडी घाटांत उगाच थांबली, असें कित्येक श्रोत्यांस वाटलें असेल. तें थांबणें उगाच नसतें. १८६३ सालीं खुल्या झालेल्या या बोरघाटांत ३७ फुटांस १ फूट असा कमाल उतार आहे. गाडी ब्रेकांच्या ताब्यांत आहे अशी खात्री पटेपर्यंत तिला पुढची वाट द्यावयाची नाहीं, अशी तेथली रीत.

अशा मार्गावरला हाताचा जुना सिग्नल पुन्हा चालता करावयाचा, तर हौशी लोक रंगापासून आरंभ करतात. तें उलटें आहे. आधीं पाहावें तें खांबाच्या बुडाशीं असलेलें वजन. केबिनमधून तार ओढली कीं वजन उचलतें व हात खालीं झुकतो. तार सोडली, किंवा तुटली, तरी वजन पडून हात आडवा, म्हणजे ‘थांबा’ असा होतो. मावळच्या पावसानें सांधे गंजले कीं नेमकें हेंच अडतें. इंग्लंडांत ॲबट्स रिप्टन येथें १८७६ च्या जानेवारींत बर्फानें हात झुकलेलेच राहिले, आणि गाड्यांची टक्कर होऊन माणसें दगावलीं.

कांचेची गंमत निराळीच. रॉकेलची ज्योत पिवळी, म्हणून ‘जा’ सांगणारी कांच निळसर घालीत. दुरून ती हिरवी दिसे. तिच्यामागें विजेचा पांढरा दिवा लावला कीं उजेड निळाच पडतो!

रंग वाळल्यावर तार मुद्दाम सोडून पाहावी. हात धाडकन् आडवा झाला नाहीं, तर सांधे पुन्हा उकलावे.