खाऱ्या पाण्याच्या टाकीला आसऱ्याची जोड

(किनारपट्टीतील शोभिवंत मत्स्यपालकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



आयुष्यभर आपण तण उपटत आलो. आज मी तुम्हाला तण मुद्दाम लावायला सांगणार आहे, आणि तेही खाऱ्या पाण्यात.

तुमच्यापैकी काहींनी घरी क्लाऊन मासे पाळले आहेत. त्यांची एक तक्रार नेहमीची असते. सुरुवातीचे चार-सहा महिने टाकी छान चालते, मग काचेवर व खडकांवर तपकिरी-हिरवे शेवाळ चढू लागते. ते कितीही खरवडले तरी आठवड्यात परत येते आणि मासे मलूल दिसू लागतात. याचे कारण समजून घ्या. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. गाळणीतील जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते कोठे जात नाही, साचत राहते. शेतात युरिया टाकला तर त्यातील बराचसा नत्र शेवटी नायट्रेटच्या रूपातच पीक उचलते. टाकीत उचलणारे पीकच नाही, म्हणून नको ते शेवाळ ती संधी साधते.

यावर पाणी बदलणे हा उपाय आहेच. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर खाडीचे पाणी गोडसर आणि गढूळ असते, ते टाकीत घालता येत नाही. मे महिन्यात साठवून ठेवलेले पाणी किती पुरणार? अशा वेळी आसऱ्याची टाकी उपयोगी पडते. इंग्रजीत तिला रेफ्युजियम म्हणतात. मुख्य टाकीचे पाणी या छोट्या टाकीतून फिरत राहते, मासे मात्र तेथे पोचत नाहीत. त्यामुळे शेवाळ निर्धास्त वाढते आणि त्याच्या गुंत्यात कोपेपॉडसारखे बारीक जीव पोसले जातात. त्यातले काही पाण्याबरोबर मुख्य टाकीत उतरतात आणि माशांना जिवंत खाद्य मिळते. मँडरिनसारखे काही मासे तर सुक्या खाद्याला बहुधा तोंडच लावत नाहीत. शेवाळाकडून पाणी शुद्ध करून घेण्याच्या कल्पनेवर अमेरिकेत वॉल्टर ॲडी यांनी १९८० च्या दशकात बरेच काम केले. आपल्याला तेवढे यंत्र नको, घरातला टब पुरे.

आता बांधणी. मुख्य टाकी सुमारे २०० लिटरची, म्हणजे ९० × ४५ × ५० सें.मी. आहे असे धरू. तिच्यासाठी ३० ते ४० लिटरचा खाद्यपदार्थांना चालणारा प्लॅस्टिकचा टब घ्यावा. काचेला भोक पाडण्याच्या फंदात पडू नये. टब मुख्य टाकीच्या शेजारी, पण तिच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. लोखंडी स्टँड खाऱ्या पाण्याने वर्षात खातो, त्यापेक्षा जांभ्या चिऱ्याचा कट्टा बरा. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो वजन, हे विसरू नका. टबाच्या काठाखाली ५ सें.मी. वर भोक पाडून टँक निपल बसवावे आणि त्याला २५ मि.मी. चा पी.व्ही.सी. पाइप जोडून पाणी मुख्य टाकीत पडू द्यावे. मुख्य टाकीतला छोटा पंप पाणी वर चढवील. तासाला १०० ते २०० लिटर पुष्कळ झाले. मात्र पंप किती उंचीपर्यंत पाणी चढवतो ते डब्यावर पाहूनच घ्यावा. पंप खाली आणि टब वर, या रचनेत कोपेपॉड पंपाच्या पात्यात न सापडता उताराने खाली येतात.

यापुढचे नीट ऐका, कारण ते मी पैसे मोजून शिकलो आहे. माझ्या पहिल्या टबात पाणी पडण्याचा आवाज होई. घरच्यांची झोपमोड नको म्हणून मी पंपाची नळी टबाच्या तळापर्यंत सोडली. आवाज थांबला. जूनमधल्या एका रात्री वीज गेली. पंप थांबताच त्याच नळीतून पाणी उलटे उतरू लागले. वाकनळीचे तत्त्व आपण शाळेत शिकलेलो असतो! टबातले पंचवीस-तीस लिटर पाणी खाली आले, मुख्य टाकी भरून वाहिली आणि जमिनीवर ठेवलेला विजेचा बोर्ड भिजला. वीज आली तेव्हा पंप नाही, हवेचा पंपही नाही. सकाळी पाहतो तो अंडी देणाऱ्या जोडीतली मोठी मासळी मरून पडलेली. क्लाऊन माशात मोठी ती मादी. ती गेली की नराचीच पुढे मादी होते, पण त्याला काही महिने लागतात आणि नवा जोडीदार जुळवावा लागतो. वर्षभराची मेहनत एका नळीपायी गेली.

म्हणून नळीचे तोंड टबातल्या पाण्याच्या वरच बांधावे, आवाज झाला तरी चालेल. निपलच्या तोंडाशी ३-४ मि.मी. भोकांची प्लॅस्टिक जाळी लावावी, नाहीतर शेवाळ अडकून टब वाहील. पंप मुख्य टाकीच्या तळाशी न ठेवता त्याचे तोंड पाण्याखाली जेमतेम २ सें.मी. राहील असा टांगावा. मग निपल तुंबलेच तरी टब काठोकाठ भरण्याच्या सुमारास पंपाला पाणी मिळेनासे होते आणि घरात पूर येत नाही. यासाठी बाष्पीभवनाने घटलेले पाणी रोज भरून काढावे लागते. ते गोडे पाणी असावे, खारे नव्हे, कारण मीठ उडून जात नाही. बोर्ड भिंतीवर, टाकीपेक्षा उंच लावावा. प्रत्येक वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जाणार नाही.

शेवाळ कोणते? नवख्याने कीटोमॉर्फा घ्यावे. ते हिरव्या जाड केसांच्या गुंत्यासारखे दिसते, मुळे धरत नाही, काढायला सोपे असते. कॉलर्पा झपाट्याने वाढते, पण ते कधी कधी एका रात्रीत युग्मके सोडून पांढरे पडते आणि शोषलेले सगळे पाण्यात परत ओतते. ते फिकट पडताना दिसले तर पंप बंद करून टब ताबडतोब वेगळा करावा. सुरुवातीला मूठ-दोन मुठी शेवाळ पुरते. तळाला उकळून वाळवलेल्या कालवांच्या शिंपल्या घालाव्यात, बारीक जीवांना लपायला जागा होते. प्रवाळाचे जिवंत खडक मात्र समुद्रातून आणू नयेत. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर काहीच उचलू नये.

टबावर १० ते १२ वॅटचा पांढरा एल.ई.डी. दिवा लावावा, आणि तो रात्री लावावा. मुख्य टाकी अंधारात असताना सर्वांच्या श्वसनाने पाण्यातला कर्बवायू वाढून सामू उतरतो. टबातले शेवाळ उजेडात तो वायू शोषते, म्हणून सामू फार घसरत नाही. शेवाळ दाट झाले की पंधरा दिवसांनी तिसरा हिस्सा काढावा. नत्र व स्फुरद टाकीबाहेर जाते ते या कापणीमुळेच, नुसत्या वाढीमुळे नाही. काढलेले शेवाळ गोड्या पाण्यात धुऊन माडाच्या आळ्यात टाकावे, समुद्रात किंवा खाडीत कधीच नाही. १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ कॉलर्पाची मत्स्यालयातली एक जात भूमध्य समुद्रात आढळली आणि पुढे मैलोगणती पसरली.

फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो. नायट्रेटची तपासणी दर आठवड्याला करून वहीत लिहावी. गाळणी काढून टाकू नये, आणि टब आहे म्हणून खाद्याची मूठ सैल सोडू नये.

आणखी एक. माशांच्या काही रोगांवर तांब्याचे औषध देतात. ते या टाकीत घालू नये, कोपेपॉड आणि शेवाळ दोन्ही जातील. आजारी मासा वेगळ्या बादलीत ठेवून उपचार करावेत. आणि सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारताना वापरलेली बादली कितीही धुतली तरी टाकीजवळ आणू नये. त्या मोरचुदातही तांबेच असते.

बाहेर पडवीत असाच एक टब चालू ठेवला आहे. आता आपण तिकडे जाऊ आणि त्याचा पंप बंद करून पाणी कोठे थांबते ते पाहू. घरी टब मांडाल तेव्हा मासे सोडण्यापूर्वी हीच परीक्षा तीन वेळा घ्या.